एन्टर नसलेला कीबोर्ड

फॉर्ममधला प्रश्न अगदी सरळ होता. 'शाळेतली संगणक प्रयोगशाळा विद्यार्थ्यांच्या वापरात आहे का?' पुढे दोन चौकोन. मी 'हो'च्या चौकोनात टिक केली आणि पुरावा म्हणून एक फोटो जोडला. फोटो झकास होता. वीसच्या वीस संगणक चालू, पडदे उजळलेले, मागे चाळीसेक मुलंमुली रांगेत उभी. फक्त प्रत्येक पडद्याला झेंडूचा हार होता, प्रत्येक कीबोर्डवर हळदकुंकू होतं, आणि डाव्या कोपऱ्यात नारळ फोडायला वाकलेला जो पाठमोरा माणूस दिसत होता तो मी होतो.

खंडेनवमीचा फोटो होता तो. आमच्या भागात त्या दिवशी कारखान्यातल्या लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग शाळेतल्या संगणकांनी काय घोडं मारलंय? त्यांचीही होते. त्या शाळेत तर लॅबचं कुलूप वर्षातून तेवढं एकदाच निघत होतं. हे मला माहीत होतं. तरीही मी टिक केली. का केली, ते पुढे सांगतो. त्या टिकेपायी एका बाईंची नोकरी हुकली आणि एका शाळेचा शिक्षक गेला, म्हणून आधी कबुली दिली.

माझं काम काय, ते आधी सांगायला हवं, कारण लग्नकार्यात भेटले की नातेवाईक अजून विचारतात, 'म्हणजे तुम्ही नक्की करता काय?' चाकण पट्ट्यातले मोठे कारखाने काही वर्षांनी ऑफिसातले संगणक बदलतात. जुने पुसूनबिसून शाळांना दिले जातात. त्यावर कंपनीचं स्टिकर लागतं, साहेब येऊन फीत कापतात, पेढे वाटले जातात. फीत कापण्याआधी वायरी ओढणारा आणि फीत कापल्यानंतर वर्षानुवर्षं ते संगणक जिवंत ठेवणारा माणूस मी. राहायला रहाटणीत, स्कूटर जुनी, डिकीत एक पेंटब्रश, एक ब्लोअर आणि स्क्रूड्रायव्हरचा संच. मुलं मला 'माऊसवाले काका' म्हणतात. वय एक्कावन्न. यापेक्षा वरची पदवी आता मिळेल असं वाटत नाही.

लोकांना वाटतं, संगणक वापरून खराब होतो. सपशेल चूक. वापरातला संगणक वर्षानुवर्षं कुरकुरत का होईना, चालतो. बंद ठेवलेला मरतो. उंदीर वायरी कुरतडतात, पाली आत अंडी घालतात, बॅटऱ्या फुगतात. दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस मी कीबोर्ड उलटे करून अक्षता झाडत असतो. आणि आत एक नाण्याएवढा सेल असतो, संगणकाचं घड्याळ चालू ठेवणारा. मशीन फार काळ बंद राहिलं की तो सेल संपतो आणि संगणक तारीख विसरतो. चालू केला की तो आपला जन्माला आला ते साल दाखवतो. मी कुठल्याही शाळेत गेलो की हेडमास्तरांना काही विचारत नाही. एक मशीन चालू करतो आणि कोपऱ्यातली तारीख बघतो. लॅब वापरात आहे की नाही, ते मशीन सांगतं.

ज्या शाळेची ही गोष्ट आहे ती कुरुळीच्या पलीकडे आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. मुलं सगळी कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्यांची. कुणी हिंगोलीकडचं, कुणी लातूरचं, चार घरं गावकीची. तिथले वीसच्या वीस संगणक जन्मसाल दाखवत होते.

तिथले हेडसर, थोरात सर, गावचेच. माणूस वाईट नाही. मी एकदा त्यांना म्हणालो, "सर, मुलांना हात तरी लावू द्या."

"आमी काय न्हाई म्हनतो का, कदम? पन ही वीस डबडी माझ्या नावावर डेड स्टॉक रजिस्टरला हायेत. एक फुटलं की वरून पत्र येतं. मी रिटायर व्हायला दोन वर्षं राह्यली. मला निस्तरत बसायचं न्हाई."

डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेतल्या टिकाऊ वस्तूंची वही. बाक, फळे, घंटा, त्याच्याखाली संगणक. बाक मुलांच्या बुडाखाली झिजला तर कुणी विचारत नाही, पण संगणक वापरून झिजला तर हेडमास्तराला जाब द्यावा लागतो. न वापरता मेला तर कुणी विचारत नाही. ही अक्कल कुणाची, ते मला वीस वर्षांत सापडलेलं नाही. सापडला तर त्याला एकदा माझ्या स्कूटरवर मागे बसवून या शाळांतून फिरवणार आहे.

त्या शाळेत तहसीन मॅडम होत्या. तहसीन शेख. वडिलांचं चाकणला टू-व्हीलरचं गॅरेज, माझी स्कूटर तिथेच दुरुस्त होते. मॅडमनी कॉम्प्युटर सायन्स घेऊन बी.एस्सी. केलेलं, पण शाळेत त्या तासिकेवर गणित शिकवायच्या. वेळापत्रकात नववीला आठवड्यातून एकदा 'संगणक' असं छापलेलं असे. तो तास त्यांनी स्वतःहून मागून घेतला होता. लॅबला कुलूप, म्हणून फळ्यावर.

एक दिवस त्या मला जिन्यात म्हणाल्या, "कदमभाऊ, एखादा बाद झालेला कीबोर्ड आहे का? मुलांना नुसता दाखवायला."

मी डिकीतून एक काढून दिला. फेकायलाच निघालो होतो. त्याचं एन्टरचं बटण उडालेलं होतं, तिथे नुसतं भोक आणि मध्ये रबराची बारकी बोंडी. बाकी सगळी अक्षरं होती. मॅडम इतक्या खूश झाल्या की मला उगाच दानशूर वाटलं. पुढच्या खेपेला गेलो तर चाळीस मुलांपुढे चाळीस पुठ्ठ्याचे कीबोर्ड. साड्यांच्या खोक्यांचे, वह्यांच्या मागच्या कव्हरांचे. त्या एका कीबोर्डवरून मुलांनी पट्टीने चौकोन आखून अक्षरं काढली होती. मॅडम फळ्यावर आज्ञा लिहीत, मुलं पुठ्ठ्यावर बोटं आपटत. चाळीस मुलांची बोटं पुठ्ठ्यावर आपटली की पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज होतो. मी दारात उभा राहून ऐकला. वरच्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर, वीस खरे संगणक प्लास्टिकच्या टोप्या घालून झोपले होते.

आता फॉर्मकडे येतो. एका परदेशी कंपनीचा आमच्याकडे कारखाना आहे, तसाच पोलंडमध्ये आहे, तसाच व्हिएतनाममध्ये आहे. त्यांच्या हेडऑफिसात कुणाच्या तरी मनात आलं, की आपल्या तिन्ही कारखान्यांच्या आसपासच्या माध्यमिक शाळांत मुलांना संगणकशास्त्र कितपत शिकायला मिळतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघू. कल्पना चांगली होती, त्यात काही खोट नाही. इथल्या कारखान्यात समाजकार्याचं खातं बघणारा अमेय नावाचा तरुण आहे, हुशार आणि कायम घाईत. त्याने शाळांचे फॉर्म भरायला मला सांगितलं, कारण शाळाशाळांत फिरणारा मीच.

फॉर्मचे पहिले प्रश्न असे: संगणक किती? इंटरनेट आहे का? लॅब वापरात आहे का? मी त्या शाळेचा फॉर्म घेऊन बसलो आणि 'नाही'च्या चौकोनाशी पेन अडलं. ती लॅब मी बसवलेली. प्रत्येक वायरीला माझ्या हातची गाठ. 'नाही' लिहायचं म्हणजे स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर लाल शाई ओढायची. अमेयचा त्यात फोन, "काका, फक्त बेसिक डेटा आहे. फोटो असेल तर बेस्ट." माझ्या फोनमध्ये फोटो होता. पडदे उजळलेले, मुलं हजर. मी तो पाठवला आणि जेवायला बसलो. जेवणही चांगलं गेलं, ही आणखी लाजेची गोष्ट.

मला जे माहीत नव्हतं ते असं: ज्या शाळेची स्थिती सगळ्यांत वाईट निघेल तिला कंपनी तीन वर्षं पूर्णवेळ संगणक शिक्षक देणार होती, पगारासकट. अमेयने हे हेडसरांना सांगितलं होतं, हेडसरांनी तहसीन मॅडमना. मला सांगायचं सगळ्यांच्याच राहून गेलं, कारण माऊसवाल्याला कोण काय सांगतं! मॅडमना चाकणच्या एका गोदामात बारकोडची नोंद करायची कायमची नोकरी चालून आली होती. त्यांनी वडिलांना सांगून ती जूनपर्यंत थांबवून धरली होती. शिक्षकाची जागा आली तर शाळा, नाहीतर गोदाम.

फेब्रुवारीत अमेयचा फोन. "काका, अभिनंदन! आपली शाळा ग्रीन आली. हेडऑफिसला तिन्ही देशांच्या शाळांचा एक व्हिडिओ कॉल हवाय. मुलं लाइव्ह एक छोटं काम करून दाखवतील. लॅब सजवून ठेवा."

लॅब उघडली. वर्षातली दुसरी वेळ. मी दोन दिवस आधी जाऊन नवे सेल टाकले, तारखा जुळवल्या, अक्षता झाडल्या. कॉलच्या दिवशी अमेय लवकर आला. तहसीन मॅडम मुलांना खुर्च्यांवर बसवत होत्या. त्यांनी सहज विचारलं, "सर, ग्रीन म्हणजे काय?"

"ग्रीन म्हणजे मुलांना ॲक्सेस आहे, मॅडम. रेड म्हणजे नाही."

"आणि शिक्षक कुणाला?"

"रेडला. ऑबव्हियसली."

मॅडमच्या हातात खडू होता. तो त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. "या शाळेला ग्रीन कशावरून दिलं?"

अमेयने फोन काढून फोटो दाखवला. मॅडमनी फोटो बघितला, मग कोपऱ्यातली पाठ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी वाकून एका वायरीची गाठ तपासायला लागलो. गाठीत काहीही बिघाड नव्हता.

आमच्या साडेबाराला कॉल सुरू झाला. पडद्यावर तीन खिडक्या. पोलंडचे शिक्षक मारेक, टक्कल पडलेला, स्वेटर घातलेला मिश्कील माणूस. व्हिएतनामच्या लानबाई, बारीक, चष्मा लावलेल्या. इंग्रजी आम्हा तिघांचंही बेताचंच, त्यामुळे आमचं छान जमलं.

आधी प्रत्येकाने आपली लॅब दाखवायची होती. मारेकची लॅब बघून मी चाटच पडलो. त्याची मशीनं आमच्याहून जुनी! एका मॉनिटरला तर चिकटपट्टी होती. लानबाईंच्या वर्गात संगणक आमच्याहून कमी, एका खुर्चीवर दोन मुली आणि तिसरी मागे उभी. वर तसाच खडखडणारा पंखा, जसा आमच्याकडे. माझी छाती फुगली. संगणकांच्या रकान्यात आम्ही पहिले होतो, राव! पोलंडच्या पुढे!

मग अमेयने विचारलं, तुमच्याकडे तास कसा चालतो? मारेकला प्रश्नच कळेना. "कसा म्हणजे? गणिताचा चालतो तसा. तो माझा विषय आहे. दर आठवड्याला." लानबाई म्हणाल्या, त्यांच्याकडेही विषयच आहे, परीक्षा असते, मार्क असतात, मशीनं कमी म्हणून मुलींचे गट पाडलेत, पाळी लावलीय. "कुलूप?" असं मी न राहवून विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, सुट्टीत लावतो ना."

माझी छाती तिथे उतरली. संगणक मोजायचे नव्हतेच. तास मोजायचे होते, शिक्षक मोजायचा होता, उघडं दार मोजायचं होतं. फॉर्मने आधी डबडी मोजली आणि मी ती मोठ्या अभिमानाने मोजून दिली.

आणि एक सांगतो, देशादेशांची तुलना करायला पोलंडला जायचीही गरज नव्हती. हायवेच्या कडेला पुनावळ्यात एका बड्या शाळेचं कामही माझ्याकडे आहे. तिथे सहावीतली मुलं गाडी चालवणारा यंत्रमानव बनवतात, दोन शिक्षक आहेत, माऊस जरा अडला तरी दोन तासांत मला तिथे हजर व्हावं लागतं. कुरुळीपलीकडच्या शाळेची तक्रार मात्र वर्षातून एकदा येते, खंडेनवमीच्या आधी, 'पूजेला चालू करून द्या' अशी. सकाळी इथे आणि दुपारी तिथे जाऊन आलो की मला वाटतं, मी कुठल्या तरी सीमेवरून ये-जा करतोय आणि माझ्याकडे कुणी कागद मागत नाही. कुरुळीपलीकडच्या मुलांचे आईबाप ज्या कारखान्यांत गाड्या जोडतात, त्यांच्याच साहेबांची मुलं यंत्रमानव जोडायला शिकतात. आणि तुलनेच्या कागदावर दोन्ही शाळा 'भारत' या एकाच खान्यात जातात. माझं रक्त तापतं ते इथे.

असो. मुलांचं काम आलं. एका ओळीत आज्ञा लिहायची, की संगणकाने तुमचं नाव पाच वेळा छापावं. तिन्ही वर्गांत एकदम सुरुवात. आमच्याकडून पहिल्या रांगेत वैष्णवी होती. वडील हिंगोलीकडचे, कुरुळीत भाड्याने राहतात, पत्रा कापायच्या मशीनवर कामाला. या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या कीबोर्डला हात लावला आणि बघता बघता अख्खी ओळ लिहिली. कंस बरोबर, अवतरणं बरोबर. मी बाकीचे पडदे बघितले. जवळजवळ सगळ्यांच्या ओळी बरोबर! पुठ्ठ्यावर शिकलेली मुलं, राव. हेडसरांचीसुद्धा मान ताठ झाली.

आणि मग सगळी मुलं हात मांडीवर ठेवून शांत बसली.

पोलंडच्या खिडकीत मुलं हसायला लागली होती, त्यांच्या पडद्यांवर नावं धडाधड उमटत होती. लानबाईंच्या तीन मुलींनी टाळी दिली. आमच्याकडे वीस पडद्यांवर वीस बरोबर ओळी आणि पुढे काहीच नाही. मारेक म्हणाला, "छान लिहिलंय. आता चालवून दाखवा ना?"

कुणी हललं नाही. मी वैष्णवीजवळ गेलो, हळूच म्हणालो, "बाळा, एन्टर दाब."

"कुठंय काका?"

"हे काय, एवढं मोठं बटण!"

तिने बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आमच्या कीबोर्डात हे नव्हतं की काका. तिथं भोक होतं. आणि हेडसर म्हणले, म्हाईत नसलेल्या बटनाला हात लावायचा नाही."

तिने दप्तरातून पुठ्ठा काढला. पट्टीने आखलेला, स्वच्छ. एन्टरच्या जागी रिकामा चौकोन आणि मध्ये, अगदी इमानदारीने काढलेली, ती रबराची बोंडी. चाळीस मुलांनी चाळीस बोंड्या काढल्या होत्या. तहसीन मॅडमनी त्यांना तोंडी सांगितलं होतं, इथे एक बटण असतं म्हणून. पण कानाने ऐकलेलं आणि बोटाला कळलेलं यांत फरक पडतो. माझ्या डिकीतल्या भंगाराने अख्ख्या वर्गाला शेवटचं बटण सोडून सगळं शिकवलं होतं.

अमेय तोंडावर हसू आणून पडद्याकडे वळला, "स्मॉल टेक्निकल इश्यू—"

कसा काय धीर आला माहीत नाही, पण मी कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो. माझं इंग्रजी जसं आहे तसं बाहेर पडलं. "सर, नो इश्यू. चिल्ड्रन गुड. टीचर व्हेरी गुड. लॅब इज लॉक. फोटो इज पूजा. वन डे इन वन इयर. आय सेंट राँग. शी नीड टीचर जॉब."

"पूजा म्हणजे?" मारेकने विचारलं.

"ॲन्युअल मशीन डे," अमेय घाईने म्हणाला.

मारेक म्हणाला, "अरे वा, छान कल्पना." लानबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "वर्षातून एकच दिवस?" मी मान हलवली. त्यांनीही हलवली. त्या बाईंना सगळं कळलं होतं.

कॉल संपल्यावर हेडसर माझ्यावर उखडले. "भाईरच्या मान्सासमोर गावाची अब्रू घालवलीस, कदम! दार उघडं हाय, पोरं बसल्यात, दिसत न्हाई व्हय तुला?"

"आजच उघडलंय ना, सर. उद्या?"

"उद्याचं उद्या." किल्ली त्यांच्या खिशात गेली.

मी अमेयच्या मागे लागलो. नवा फॉर्म भरला, तारखा विसरलेल्या मशीनांचे जुने फोटो जोडले, तहसीन मॅडमच्या पुठ्ठ्यांचे जोडले, चूक माझी असं लिहून सही केली. एप्रिलमध्ये उत्तर आलं. चार ओळींचं, फार नम्र. माहिती गोळा करण्याची मुदत संपलेली आहे, या फेरीत रंग बदलता येत नाही, आपल्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. प्रामाणिकपणाचं कौतुक! चाळीस मुलांच्या तोंडाला पानं पुसून वर माझ्या पाठीवर थाप. आणि शिक्षक कुणाला मिळाला? कुणालाच नाही. भरलेले सगळेच फॉर्म ग्रीन किंवा पिवळे, म्हणजे मधले होते, रेड एकही नव्हता. म्हणजे टिक करताना पेन अडलेला मी एकटा नव्हतो.

घरी सांगितलं. माझी बायको सुनंदा भोसरीत एका सुट्ट्या भागांच्या कारखान्यात तपासणीवर आहे. माल बघायचा, बरोबर असेल तर ओकेचं स्टिकर लावायचं. ती ऐकून घेत होती, भाजी निवडत होती. म्हणाली, "आमच्याकडे न तपासता स्टिकर लावलं, तर तो माल ज्याने स्टिकर लावलं त्यालाच परत सारखा करावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत बसून."

जूनमध्ये तहसीन मॅडम गोदामात लागल्या. स्कूटर घेऊन गॅरेजवर गेलो तेव्हा भेटल्या, गळ्यात ओळखपत्र. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुमच्या एका फॉर्मवर माझा जीव टांगलेला असावा, हेच मुळात चूक आहे ना, कदमभाऊ?" मग म्हणाल्या, "वैष्णवीला एन्टर दाखवलात का नीट?"

मग मी माझ्या धंद्यातली एक चलाखी केली. आमच्या करारात लिहिलंय, शाळेकडून लेखी तक्रार आली की लॅब उघडून द्यायची आणि मी प्रत्येक मशीन चालवून बघायचं. दर शुक्रवारी आता दहावीच्या वर्गाकडून तक्रार येते. 'माऊस अडतो.' 'पडदा थरथरतो.' अक्षर वैष्णवीचं. दर शनिवारी मी जातो. हेडसर कपाळाला आठ्या घालून किल्ली देतात. वीस मशीनं एकट्याने कशी तपासणार? म्हणून मुलं बसतात, एकेका मशीनवर दोघं. व्हिएतनामसारखी पाळी लावलीय. तहसीन मॅडम फोनवरून मला धडा सांगतात, मी मुलांना सांगतो, मुलं मला दुरुस्त करतात. मशीनांच्या तारखा आता बरोबर असतात.

गेल्या आठवड्यात यंदाचा फॉर्म आला. रेडला शिक्षक हा नियम तोच, प्रश्नही तेच, फक्त एक वाढलाय. 'शाळेत संगणक शिकवणारी व्यक्ती आहे का?' मी टेबलाशी बसलो, चष्मा लावला, आणि खरं सांगतो, हात आपोआप 'हो'कडे निघाला. दर शनिवारी जातोय, उन्हातान्हात जातोय, शिकवतोय. कुठेतरी नोंद व्हायला नको का?

सुनंदा डबा भरत होती. खांद्यावरून तिने फॉर्म वाचला आणि माझं पेन धरलं.

"अहो, 'नाही' लिहा," ती म्हणाली. "तुम्ही मोजले गेलात तर ती पोरगी गोदामातून परत कशी येणार?"